रात्री गाडी कुठे झोपते?



मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. इशाच्या नमाजनंतर, खाली पार्किंगमध्येच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. विषय एकच होता, वायर.

आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपे राहते. मुलगा औषध कंपनीत फिरतीच्या नोकरीवर आहे. त्याने पावसाळ्यापूर्वी एक जुनी इलेक्ट्रिक कार घेतली. गाडी घेतली खरी, पण चार्ज करायची कुठे? पार्किंगमध्ये प्लग नाही. मग त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांब वायर खाली सोडली. ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला घासत, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या कपड्यांच्या दोरीजवळून खाली उतरायची. रात्री दहाला सोडायची, सकाळी सहाला वर ओढायची. कुणी काही बोलत नव्हते. आम्हीही नाही.

मग एका पहाटे जळका वास आला. फजरला उठलेल्या मुलांच्या अब्बांनी खाली जाऊन पाहिले, तर एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग वितळून काळा पडलेला. पाऊस चालू होता. त्याच कोपऱ्यात आमचा धाकटा रोज सायकल लावतो. अल्लाहने वाचवले, एवढेच म्हणायचे.

मीटिंगमध्ये जे व्हायचे तेच झाले. कुणी म्हणाले, "बॅटरीच्या गाडीला आपल्या बिल्डिंगमध्ये बंदीच घाला." कुणी म्हणाले, "आज एकाची गाडी, उद्या दहा जणांच्या येतील, ट्रान्सफॉर्मर उडेल." तो मुलगा मान खाली घालून उभा होता. शेवटी एवढेच म्हणाला, "चाचा, मी मार्चमध्ये अर्ज दिला होता, प्लग बसवू द्या म्हणून. मला कुणी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मग मी काय करू?"

चेअरमन साहेब गप्प झाले. आणि खरे सांगायचे तर आम्हीही. कारण तो अर्ज आला तेव्हा कमिटीत आम्ही होतो. "बघू पुढच्या मीटिंगला," असे म्हणणाऱ्यांत आमचाही आवाज होता.

दुसरी गोष्ट आणखी लाजेची. आमची स्वतःची गाडी 2011 सालची आहे. यंदा तिला पंधरा वर्षे पूर्ण होतात. पुन्हा तपासणी, पुन्हा नोंदणी, वर दुरुस्ती. त्यामुळे घरात नव्या गाडीचे बोलणे चालू होते, आणि मुलांच्या अब्बांचा कल इलेक्ट्रिककडेच होता. म्हणजे ज्या मुलावर सगळे तोंडसुख घेत होते, त्याच्या जागी दोन महिन्यांनी आम्हीच उभे राहणार होतो.

सरकारचा हुकूम नेमका कुणावर?

मीटिंगमध्ये एका भाईंनी ठासून सांगितले, "2030 पासून सरकार पेट्रोलच्या गाड्या बंदच करणार आहे. मग काय कराल?" ही गोष्ट आम्ही शाळेच्या स्टाफरूममध्येही ऐकतो आणि लग्नाच्या पंगतीतही. म्हणून आधी ती नीट करून घेऊ.

खासगी पेट्रोल कारची विक्री अमुक सालापासून बंद, असा कायदा आपल्या देशात झालेला नाही. 2017 मध्ये केंद्रातल्या मंत्र्यांनी 2030 पर्यंत सगळ्या नव्या गाड्या विजेवर आणण्याची भाषा केली होती. 2019 मध्ये नीती आयोगाने आधी रिक्षा आणि मग लहान इंजिनाच्या दुचाकी विजेवरच विकाव्यात, असे सुचवले. वाहन उद्योगातून विरोध झाला आणि ते तिथेच राहिले. आज सांगितले जाते ते उद्दिष्ट आहे. 2030 पर्यंत विकल्या जाणाऱ्या खासगी कारपैकी तीस टक्के विजेवरच्या असाव्यात. उद्दिष्ट म्हणजे हुकूम नव्हे. घाबरून कुणी घाईने गाडी घेऊ नये किंवा विकू नये.

सक्ती आहे ती दुसरीकडे, आणि तिची चर्चा फार कमी होते. ती इमारतींवर आहे. केंद्राच्या नमुना बांधकाम नियमांत फेब्रुवारी 2019 मध्ये दुरुस्ती झाली. नव्या इमारतीत पार्किंगच्या वीस टक्के जागांना चार्जिंगची सोय असावी, असे त्यात आले. महाराष्ट्राच्या 2021 च्या धोरणातही वीस टक्क्यांचीच भाषा होती. 2025 च्या धोरणात राज्याने पुढचे पाऊल टाकले. नव्या निवासी इमारतींचे सगळेच पार्किंग चार्जिंगसाठी तयार असावे, असे ते म्हणते.

चांगलेच आहे. पण हे सारे नव्या इमारतींसाठी. आपल्यातले किती जण नव्या इमारतीत राहतात? आमची बिल्डिंग वीस वर्षांची आहे. तिचा नकाशा काढताना पार्किंगमध्ये एका बल्बपलीकडे विजेचा विचार कुणी केला नव्हता.

मग जुन्या बिल्डिंगवाल्याच्या हाती काही आहे का? आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केले की घरी किंवा कार्यालयात स्वतःची गाडी चार्ज करायला परवानगी आहे. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त झाले. ग्राहकाला गाडी चार्ज करण्यासाठी वेगळे वीज कनेक्शन मागता येते, असे त्यात आले. म्हणजे वीज कंपनीच्या बाजूने दार उघडे आहे. अडते ते आपल्याच जिन्यात, आपल्याच कमिटीच्या "बघू"मध्ये.

बिलायतेतले दीर आणि त्यांचा फुटपाथ

आमचे एक चुलत दीर इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला असतात. कोकणातली बरीच कुटुंबे तिथे आहेत. मीटिंगनंतरच्या रविवारी त्यांचा फोन आला. आम्ही सहज विचारले, "तुमच्याकडे तर सगळे इलेक्ट्रिक झाले असेल?" ते हसले. "भाभी, इथेही वायरचेच भांडण आहे."

ब्रिटनमध्ये सक्ती आहे ती गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवर. 2024 मध्ये विकलेल्या नव्या कारपैकी 22 टक्के विजेवरच्या हव्यात, आणि हा आकडा दरवर्षी वाढत 2030 ला 80 टक्क्यांवर जातो. पेट्रोल-डिझेलच्या नव्या कार बंद करण्याचे साल आधी 2030 ठरले. 2023 मध्ये ते 2035 वर ढकलले. सरकार बदलल्यावर पुन्हा 2030 झाले, फक्त हायब्रिडला 2035 पर्यंत मुभा मिळाली. दीर म्हणाले, "साल पुढे-मागे होते, पण आमचे घर तिथेच आहे."

त्यांचे घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या जुन्या घरांची रांग. दार उघडले की फुटपाथ. फुटपाथच्या पलीकडे रस्त्यावर गाडी. वायर टाकायची तर फुटपाथवरून, आणि त्यावर पाय अडकून कुणी म्हातारे माणूस पडले तर? काही नगरपालिका आता फुटपाथमध्ये बारीक चर पाडून त्यातून वायर नेऊ देतात. सगळीकडे नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनात घर करून राहिली. तिथे घरच्या विजेवर कर पाच टक्के, आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर वीस टक्के, असे कित्येक वर्षे चालले. ज्याच्या घरापुढे स्वतःचे अंगण, त्याला वीज स्वस्त. ज्याला अंगण नाही, त्याला तीच वीज महाग. आणि अंगण कुणाला असते, हे सांगायला नको.

उलट उदाहरण नॉर्वेचे आहे. तिथे 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या कारपैकी जवळपास नऊ विजेवरच्या होत्या. पेट्रोल कारवर बंदी न घालता हे झाले. वर्षानुवर्षे पेट्रोलच्या गाडीवर भारी कर आणि विजेच्या गाडीला सूट. देश श्रीमंत आहे, तेव्हा आपली बरोबरी नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने चार्जर बसवू द्या म्हटले, तर सबळ कारणाशिवाय सोसायटीला नकार देता येत नाही, असा तिथला कायदा आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला नेमके हेच हवे होते.

वहीत मांडलेला हिशेब

आम्ही शिकवणारी माणसे. मनाचे समाधान कागदावर मांडल्याशिवाय होत नाही. एका रात्री मुलांचे अब्बा आणि आम्ही वही घेऊन बसलो. तोच हिशेब इथे देतो. आकडे आमच्या घरचे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

ते रोज लोटे एमआयडीसीला जातात. जाऊन-येऊन साधारण 36 किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस धरले तर 900 किलोमीटर. आमची जुनी गाडी गावात लिटरला 14 किलोमीटर देते, म्हणजे 64 लिटर. लिटरला 105 रुपये धरले तर 6,720 रुपये.

आता विजेचे. लहान इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. 900 किलोमीटरला 130 युनिट. पण चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, गाडी आणि चार्जर तापतात. म्हणून 145 धरू.

इथे एक गोम आहे. आपले लाईट बिल स्लॅबवर चालते. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. शंभरच्या पुढचा युनिट आधीच्या दुपटीहून महाग पडतो. आमच्या घरी महिन्याला 160 ते 170 युनिट जळतात. त्यात गाडीचे 145 मिळवले की तीनशेची रेघ ओलांडली. तेव्हा "सहा रुपये युनिट" असे दुकानदाराने सांगितले तर मान डोलवू नका, घरचे बिल काढून पाहा. आम्ही गाडीचा युनिट सगळे आकार धरून 12 रुपये धरला. 145 गुणिले 12 म्हणजे 1,740 रुपये. सोळा रुपये धरले तरी 2,320. आणि घरी प्लग नसेल, रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर जायचे असेल, तर युनिटला 22 रुपये धरून तीन हजारांच्या आसपास. शिवाय तिथे थांबायचा वेळ वेगळा.

म्हणजे घरी प्लग असेल तर आमची बचत महिन्याला साडेचार ते पाच हजार. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक दोन लाखांनी महाग पडली, असे धरले तर ते दोन लाख फिटायला साडेतीन वर्षे लागतील. तीन लाखांनी महाग असेल तर पाच वर्षांहून जास्त. आमचे फिरणे रोजचे आहे म्हणून एवढे तरी. ज्यांची गाडी फक्त ईदला आणि लग्नाला बाहेर निघते, त्यांचा हिशेब कधीच बसणार नाही. त्यांनी आहे ती गाडी सांभाळून वापरावी.

दुसरा गैरसमज वेळेचा. "आठ-नऊ तास लागतात चार्ज व्हायला," असे सगळे म्हणतात. खरे आहे. लहान कारची 24 युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल आणि साध्या पंधरा अँपिअरच्या पॉवर प्लगवर लावली, तर तेवढे तास लागतात. पण रोज कोण बॅटरी रिकामी करून आणतो? 36 किलोमीटर फिरून आलेल्या गाडीला सहा युनिट हवेत. त्याला दोन-अडीच तास पुरतात. मोबाईल जसा आपण झोपताना लावतो, तसेच हे.

मुंबईला जायचे म्हटले तर मात्र गोष्ट वेगळी. आमच्या चिपळूणपासून अडीचशे किलोमीटर. लहान बॅटरीची गाडी वाटेत एकदा थांबवावीच लागेल. कुंभार्ली घाट चढतानाही चार्ज भराभर उतरतो, उतरताना थोडा परत मिळतो. घरात हीच एक गाडी असेल आणि महिन्यातून दोनदा मुंबईची खेप असेल, तर त्याचाही विचार आधी करावा.

दहा गाड्या, एक ट्रान्सफॉर्मर

आता मीटिंगमधल्या भीतीकडे येऊ. "दहा जणांनी गाड्या घेतल्या तर?"

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. वीज खात्यातून निवृत्त झालेले. वितळलेला प्लग त्यांनीच उघडून सर्वांना दाखवला. म्हणाले, "हा दोष गाडीचा नाही. इस्त्री दहा मिनिटे चालते, गिझर अर्धा तास. गाडी तासन्‌तास तेवढाच करंट ओढते. ही बारीक वायर आणि हा स्वस्तातला बोर्ड त्यासाठी नाहीत."

मग त्यांनी हिशेब सांगितला. एका गाडीचा भार तीन किलोवॅट. दहा गाड्या एकाच वेळी लावल्या तर तीस. तेवढा आमच्या बिल्डिंगला आज झेपणार नाही, ही भीती खरी. पण दहा गाड्यांना मिळून रात्रीत हवेत साठ युनिट. रात्रीचे आठ तास वाटून दिले तर सरासरी साडेसात किलोवॅटच पडतात. "पाळ्या लावा," काका म्हणाले. "पाणी कमी असते तेव्हा नळाला लावता ना? तसेच."

आणि मग त्यांनी असा प्रश्न विचारला की पार्किंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघू लागले. "2021 विसरलात का?"

चिपळूणकर ते कसे विसरतील? 22 जुलै 2021. वाशिष्ठी बाजारपेठेतून वाहत होती. आपण बसलो होतो तिथे डोक्याच्या वर पाणी होते. आमच्या बिल्डिंगची सगळी मीटरे तेव्हा चिखलात गेली. नंतर ती पहिल्या मजल्यावर घेतली. आता पार्किंगमध्ये प्लग लावायचे, म्हणजे वीज पुन्हा खाली आणायची.

शेवटी जे ठरले ते असे. प्रत्येकाची लाईन त्याच्या स्वतःच्या मीटरवरून, जाड तांब्याच्या तारेची, पाईपमधून खाली येईल. खिडकीतून वायर कुणीही सोडायची नाही. प्रत्येक लाईनला वेगळा एमसीबी आणि करंट गळला तर तत्काळ तोडणारा स्विच. हे दोन्ही वर, मीटरपाशी. पाणी चढू लागले की वरूनच बंद करता येईल. अर्थिंगचा नवा खड्डा घ्यायचा आणि दर उन्हाळ्यात तो तपासायचा, कारण आमच्याकडच्या जांभ्या दगडात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर पडते. घराचा मंजूर भार कमी असेल तर आधी महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यायचा. पुराचा इशारा आला तर गाडी उंचावर नेऊन लावायची, आणि पाण्यात बुडालेली गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय प्लगला लावायची नाही. खर्च ज्याचा त्याचा. अर्थिंगचा खर्च सोसायटीचा.

ठराव लिहून घेतला. अर्ज आल्यापासून तीस दिवसांत कमिटीने लेखी उत्तर द्यायचे, हे शेवटचे वाक्य आम्ही आग्रहाने घालायला लावले. आमच्याच "बघू"ची ती भरपाई.

एवढे झाल्यावर कॉलम इथे संपायला हवा होता. पण संपत नाही.

रस्त्यावर झोपणारी गाडी

त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात ऊर्जेचा धडा चालू होता. आम्ही कोयनेची गोष्ट सांगत होतो. आपल्याच तालुक्यात पोफळीला वीजघर आहे, कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॅट, आणि वीज करून झालेले पाणी आपल्याच वाशिष्ठीत येते, वगैरे. मग विजेच्या गाड्यांचा विषय निघाला. आम्ही विचारले, "कुणाच्या घरी गाडी चार्ज करायला प्लग लावता येईल?" चार-दोन हात वर झाले. एक मुलगी म्हणाली, "टीचर, आमची गाडी तर रस्त्यावर झोपते."

वर्ग हसला. ती नाही हसली.

तिचे अब्बा रिक्षा चालवतात. भाड्याच्या एका खोलीत राहतात, गल्लीत रिक्षा वळत नाही. त्यांनी वर्षापूर्वी विजेची रिक्षा घेतली. रोजचे फिरणे जास्त, इंधनाचा खर्च कमी, म्हणजे विजेचा खरा फायदा कुणाला होत असेल तर अशा माणसाला. पण रिक्षा झोपते मोहल्ल्यातल्या मशिदीच्या भिंतीला लागून, आणि रात्री मोटरपंपाच्या खोलीतल्या प्लगवर चार्ज होते. ट्रस्टींपैकी एकाने तोंडी परवानगी दिली होती. हे गृहस्थ रोज सकाळी फजरनंतर चंद्याच्या पेटीत शंभर रुपये टाकतात. रात्रीला आठेक युनिट लागतात, तेव्हा पैसे कमी नाहीत.

पण जमातीत कुणीतरी हरकत घेतली. मशिदीची वीज लोकांच्या चंद्यातून येते, ती अमानत आहे, एकाच्या धंद्याला कशी द्यायची? मुलांच्या अब्बांनी घरी येऊन हे सांगितले तेव्हा आम्हाला आधी राग आला. मग वाटले, हरकत घेणारे चूक बोलत नाहीत. ज्या कामासाठी वीज घेतली त्याहून वेगळ्या कामासाठी वापरली तर वीज कायद्यातही तो अनधिकृत वापर ठरू शकतो. उद्या दंड आला तर तो चंद्यातूनच जाणार. आणि तोंडी परवानगीवर उभे असलेले पोट एका तोंडी नकाराने बंद पडते.

पण मग या माणसाने जायचे कुठे? त्याला ना मीटर, ना पार्किंग, ना सोसायटीची मीटिंग. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही ठराव करून मोकळे झालो, कारण आमच्याकडे ठराव करायला बिल्डिंग होती. ब्लॅकबर्नच्या फुटपाथवर जी गोष्ट आहे, तीच आमच्या मोहल्ल्यात आहे. सरकार उद्दिष्ट ठेवते, सबसिडी देते, टोल माफ करते. ते सारे गाडीला मिळते. गाडी रात्री जिथे झोपते त्या जागेला काही मिळत नाही. आमचे मत असे झाले आहे की सक्ती करायचीच असेल तर ती आधी जागेवर करावी, म्हणजे इमारतीवर, नगरपालिकेच्या पार्किंगवर, बाजाराच्या आवारावर. माणसावर नंतर. प्लग आधी, हुकूम मागून.

पण सरकारची वाट बघत बसण्यापेक्षा आपल्या हातात काय आहे, ते आम्ही विचारून घेतले. गाडी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती एक सेवा आहे आणि त्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. गाड्या चार्ज करण्यासाठी वीजदरात वेगळा वर्गही आहे. म्हणजे मशिदीच्या आवारात, मशिदीच्या मीटरला हात न लावता, वेगळे कनेक्शन घेता येईल. त्याचे बिल वेगळे, हिशेबाची वही वेगळी. चंद्याचा एक पैसा त्यात जायचा नाही आणि युनिटप्रमाणे पैसे चार्ज करणाऱ्याने द्यायचे. हरकत घेणाऱ्यांचेही समाधान आणि रिक्षावाल्याचेही.

मुलांच्या अब्बांनी हे जमातीच्या बैठकीत मांडले. एकमताने झाले, असे लिहायला आवडले असते. तसे झाले नाही. काही जण म्हणाले, मशिदीच्या दारात गाड्यांची रांग नको. ट्रस्टींनी शेवटी अर्ज करायचे मान्य केले आहे, खर्चाचा अंदाज आला की पुन्हा बसायचे आहे. तोपर्यंत रिक्षा तिथेच लागते, आणि तिचा मालक आता शंभर रुपयांची पावती मागून घेतो.

आमच्या गाडीचे म्हणाल, तर आधी लाईन, मग गाडी असे ठरवले आहे. वायरमन येऊन मोजमाप घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची लाईन आधी होईल. त्याचा नंबर पहिला होता.

वाचक बंधु-भगिनींनो, तुमच्या बिल्डिंगमध्ये, वाडीत, मोहल्ल्यात असा अर्ज कुणी दिला असेल तर तो शोधून काढा आणि त्याला उत्तर द्या. हो द्या किंवा कारण सांगून नाही द्या, पण "बघू" म्हणू नका. आणि ज्यांच्याकडे आवार आहे, मग ते दुकानाचे असो, मदरशाचे असो, शाळेचे असो, त्यांनी एकदा रात्री बाहेर पडून बघावे की आपल्या भिंतीला लागून कुणाची रोजी उभी आहे.

आमच्या शाळेच्या आवारातही मोकळी जागा आहे. मुख्याध्यापकांशी अजून बोललेलो नाही. पुढच्या सोमवारी बोलणार आहोत, इन्शाअल्लाह.